घेरबाईंचा दुसरा नकाशा

झाडाचा घेर मोजायचा तर तो छातीच्या उंचीवर मोजायचा, असा वनखात्याचा नियम. ही छाती कुणाची, ते नियम करणाऱ्याच्या अंगलटीवरून ठरलं असणार. कारण नोकरीच्या पहिल्याच दिवशी घेरबाईनं मापाची काठी स्वतःशेजारी उभी केली, तेव्हा काठीवरची खूण तिच्या थेट हनुवटीला लागली. तुकडीतले सगळे खो-खो हसले. तीही हसली आणि म्हणाली, "हसा, हसा. टेप वाचायला मला वाकावं लागणार नाही. संध्याकाळी पाठी धरतील तेव्हा बोलू."

संध्याकाळी खरंच दोघातिघांच्या पाठी धरल्या. ही मात्र उतारावरून टणाटण खाली आली.

तिचा आवाज खणखणीत. दरीच्या तळाशी आकडे उतरवून घेणारा बसलेला असे आणि वरून हिची हाळी येई, "घेर!" आणि मागोमाग आकडा. पुन्हा विचारावं लागत नसे. त्या हाळीवरून तिचं नाव घेरबाई पडलं. पुढं ते इतकं रुळलं, की कार्यालयातला नवा शिपाई खरं नाव वाचून दारोदार विचारत फिरला होता, आणि ती तिथंच समोर चहा पीत बसली होती.

मापं घेणं तिला नवं नव्हतं. वडील शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. लहानपणापासून ती टेपेचं दुसरं टोक धरायला उभी. वडील आधी गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून कंबर किती ते पुटपुटायचे आणि मग टेप लावायचे. आकडा जुळला की मुलीकडे बघून डोळे मिचकावायचे. ती खोड तिनं उचलली. झाडासमोर उभी राहिली की आधी डोळ्यांनी माप घ्यायची, मग टेप गुंडाळायची. दोन बोटांचा फरक पडला तर तिला दिवसभर चुकचुकल्यासारखं व्हायचं.

लग्न होऊन सासरी आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "झाडांची मापं घेतेस म्हणजे नेमकं काय ग? त्यांना काय कोट शिवायचेत?"

"हो ना," ती म्हणाली. "यंदा थंडी जास्त आहे म्हणतात."

सासूबाई इस्पितळात मुलांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. डॉक्टरांनाही दोन शब्द सुनावून मोकळ्या होणाऱ्या. उलट उत्तर देणारी सून मिळाली म्हणून त्यांना आतून आनंदच झाला. नवरा बेकरीत कामाला. तो बिचारा पहाटे भट्टीवर जायचा आणि दुपारी परत यायचा तोवर या दोघींनी घरात कुठल्या विषयाचा फडशा पाडलेला असेल, याचा त्याला अंदाजही नसे.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग डोंगरांचं ते मोठं काम आलं.

शहराच्या वरच्या अंगाला डोंगरांची लांबलचक रांग होती. आजोबा-पणजोबांच्या काळात कोळशासाठी आणि खाणीतल्या टेकूंसाठी तिथली झाडं बेसुमार तोडली गेली. पुढं कुठं कुणी रोपं लावली, कुठं आपसूक उगवलं, कुठं काहीच नाही. पावसात माती वाहून खालच्या तलावात यायची. सरकारनं ठरवलं, की हे जंगल पुन्हा उभं करायचं. पण कुठं रोपं लावायची, कुठं दाटी विरळ करायची आणि कुठल्या रानाला हातच लावायचा नाही, हे ठरवायचं कशावरून? अख्खी रांग पायी फिरायची तर दोन पिढ्या गेल्या असत्या.

म्हणून नकाशा. सगळ्या डोंगरांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात झाडांचा सरासरी घेर किती, ते रंगानं दाखवायचं. फिकट पिवळा म्हणजे किडमिडीत झुडपं, तिथं नवी लागवड. पोपटी म्हणजे मध्यम झाडं, तिथं विरळणी. गडद हिरवा म्हणजे जुनं दांडगं रान, तिथं फक्त राखण. घेरबाईच्या तुकड्यांनी निवडक जागी झाडं प्रत्यक्ष मोजायची. विमानातून किरण सोडून साऱ्या डोंगरांची उंचसखल नोंद केलेली होतीच. या दोन्हींची सांगड घालून उरलेल्या चौकोनांचा हिशेब संगणकानं करायचा.

संगणकावर बसणारा म्हणजे चष्मा. हे त्याचं टोपणनाव. त्याचा चष्मा नेहमी कपाळावर असायचा आणि हा तो सगळीकडे शोधत असायचा. हुशार माणूस, पण उन्हाचं आणि त्याचं वाकडं. एवढी वर्षं वनखात्यात काढली, पण झाडं बघितली ती पडद्यावर. घेरबाईशी त्याचं रोजचं भांडण आणि रोजचा चहा, दोन्ही ठरलेलं.

वर्षभर तुकड्या डोंगर तुडवत राहिल्या. दोरीनं गोल आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाला टेप लावायची, मोजून झालं की खडूची रेघ मारायची, म्हणजे तेच झाड दुसऱ्यांदा मोजलं जायला नको. काट्यांनी बाह्या फाटल्या. एकदा मधमाश्या उठल्या आणि सगळी तुकडी नाल्यात जाऊन बसली. पण काम चोख झालं. चष्म्यानं नकाशा छापला, कागद जोडून-जोडून सभेच्या खोलीची भिंत भरली, आणि साहेब त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

साहेब म्हणजे विभागाचे वनाधिकारी. सरळ माणूस, फक्त घाई फार. "एक नजर टाकली की सगळं कळतं," ते खुशीत म्हणाले. "याला म्हणतात नकाशा!"

घेरबाईची छाती फुगली. का फुगू नये? काम तिचं होतं.

साहेबांनी लगोलग आराखडा केला. पोपटी चौकोनांत विरळणीचा नियम सोपा होता. त्या चौकोनाच्या सरासरीहून बऱ्यापैकी बारीक असलेलं झाड तोडायचं, म्हणजे बाकीच्यांना ऊन-पाणी मिळून ती फोफावतील. घेरबाईनंही मान डोलावली होती. मग समितीची सभा ठरली. पाच-सहा गावांचे प्रतिनिधी, पाणीखात्याच्या एक बाई, साहेब, चष्मा, आणि नकाशा समजावून सांगायला घेरबाई.

तिनं छडी हातात घेतली आणि झकास सुरुवात केली. तलावावरचा उतार आला. "इथं सगळी झाडं एकदमच लावलेली. हा पोपटी. विरळणी." छडी वर सरकली. "ही खिंड. हाही पोपटी, अगदी त्याच घेराचा. इथंही..."

आणि ती थांबली.

खिंड तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिथल्या एका झाडाला टेप पुरली नव्हती. तिघांनी हातात हात धरून त्याला वेढा घातला होता आणि तरी बोटं जेमतेम टेकली होती. अशी महाकाय झाडं तिथं दूर दूर उभी होती, आणि त्यांच्या मधल्या साऱ्या जागेत मनगटाएवढ्या खोडांची पोरंसोरं दाटीवाटीनं उगवलेली होती. मध्यम असं एकही झाड तिथं नव्हतं. आणि खालच्या तलावावर मध्यमाशिवाय दुसरं काही नव्हतं. तरी भिंतीवर दोघांचा रंग एक!

"घेरबाई?" साहेबांनी हळूच विचारलं. "पुढं?"

"पुढं जाता येणार नाही, साहेब," ती म्हणाली. "हा नकाशा बरोबर आहे. पण यावर विसंबून खिंडीत विरळणी केली तर जंगल संपेल."

खोलीत कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, बरोबर आहे म्हणता आणि संपेल म्हणता. काय ते एक सांगा."

"दोन्ही खरं आहे. असं बघा. माझे वडील शिंपी. समजा, एका घरातले सगळे त्यांच्याकडे आले, आजोबांपासून रांगत्या नातवापर्यंत. वडिलांनी सगळ्यांची मापं घेतली, सरासरी काढली आणि त्या एकाच मापाचे सगळ्यांना सदरे शिवले. सरासरी बरोबरच आहे हो! पण आजोबांचं पोट उघडं आणि नातू पोत्यात."

पाणीखात्याच्या बाई फसकन हसल्या. साहेब हसले नाहीत, पण ऐकू लागले.

"खिंडीत आजोबा आहेत आणि नातवंडं आहेत. मधली पिढी नाहीच, ती कोळशात गेली. आपला नियम म्हणतो, सरासरीहून बारीक ते तोडा. म्हणजे तिथं सगळी नातवंडं जातील. आजोबा आणखी किती वर्षं उभे राहणार? ते आडवे झाले की खिंड बोडकी. आणि तिथूनच बी वारा-पाखरांबरोबर आजूबाजूच्या चौकोनांत जातं."

"हे आधी का नाही सुचलं?" चष्म्यानं विचारलं. चिडून नव्हे, खरंच विचारलं.

"कारण चौकोनाला एकच आकडा हवा होता आणि मी एकच दिला," ती म्हणाली. "आता दोन देते. सरासरी किती, आणि त्या सरासरीभोवती झाडांचे घेर किती पांगलेत. तेवढं कळलं की पोपटी रंगाचे दोन रंग होतील."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मंजुरी मिळेलच म्हणून तोडणीची टोळी मी परवाच वर पाठवलीय. खिंडीतच. तिथं फोन लागत नाही." मग समितीकडे वळून म्हणाले, "दुसरा नकाशा तयार होईपर्यंत आराखडा थांबला. जबाबदारी माझी. घेरबाई, तुम्ही आत्ता निघा. याला पण घेऊन जा."

'याला' म्हणजे चष्म्याला. त्याचा चेहरा पडला.

जीप खाणीच्या जुन्या रस्त्यानं अर्ध्यापर्यंत गेली. पुढं पायवाट. घेरबाई झपाझप पुढं आणि चष्मा मागून धापा टाकत. "आपल्या त्या विमानानं... हे चढ... एवढे उभे दाखवले नव्हते," तो म्हणाला.

"दाखवले होते. तुम्ही खुर्चीत बसून बघितलेत."

खिंडीच्या तोंडाशी पोहोचायच्या आधीच करवतींचा आवाज कानी आला. ती पळतच सुटली. पहिल्या वळणावर जमिनीवर बारीक खोडांचे ढीग रचलेले होते. घरातल्या चटईएवढ्या जागेत पाच-सहा ताजे बुंधे, पांढरेफटक. असा बराच पट्टा साफ झाला होता. तिनं खाली बसून एका बुंध्यावर हात ठेवला. ओला होता.

मग ती उठली आणि तिनं हाळी दिली. दरीच्या तळापर्यंत जाणारा तो आवाज. "थांबा!"

करवती एकेक करून गप्प झाल्या. टोळीचा मुकादम पुढं आला. घोगऱ्या आवाजाचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "ताई, आवाज चढवायचं काम नाही. सरासरीखालचं झाड काढा, असं लिहिलंय. त्याप्रमाणंच चाललंय. एक झाड चुकीचं पाडलं असेल तर दाखवा."

"एकही चुकीचं नाही," ती म्हणाली. "तुमची चूक नाहीच. चूक आमच्या हुकमात आहे. तो बदलायला आलेय."

मुकादम भांडायच्या तयारीनं आला होता. आता त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली. "मग माझ्या माणसांनी काय करायचं? राहुट्या ठोकल्यात, चुली मांडल्यात. आज चढा, उद्या उतरा, हा काय पोरखेळ आहे?"

घेरबाईला याचं उत्तर चढतानाच सुचलेलं होतं. तिनं त्याला चार पावलं आत नेलं. पोरसवदा झाडांवर जाड वेलींचं जाळं पडलेलं होतं, काही शेंडे तर पार जमिनीला टेकले होते. "ही वेल बघा. या पोरांचा गळा हीच आवळतेय. ती मुळापासून काढा. झाडाला धक्का न लावता. आणि खालून शेळ्या येतात ते तोंड, तिथं तुम्ही पाडलेल्या याच खोडांचं कुंपण घाला. काम तुमचं तितकंच राहील. मी साहेबांची सही आणून देते."

मुकादमानं वेल बोटांत धरून ताणली. "हे तोडणीपेक्षा किचकट आहे. करवत चालणार नाही. कोयत्यानं, हातानं."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. कुणाही सोम्यागोम्याला जमणार नाही."

तो हसला. "गोड बोलून काम काढता, ताई."

"गोड बोलत नाही, रचलेले ढीग बघून बोलतेय. इतकी निगुतीनं रचलेली खोडं मी कुठल्या टोळीची बघितली नाहीत."

ते खरंच होतं, आणि तिला ते खरं वाटतंय हे मुकादमाला कळलं. त्यानं वळून टोळीला हाक दिली, "करवती ठेवा! कोयते काढा!"

इकडं चष्मा एका महाकाय झाडापुढं उभा होता. मान मागे टाकून शेंड्याकडे बघता बघता त्याचा चष्मा कपाळावरून मागे घसरून पडला, तरी त्याला पत्ता नाही. "हे माझ्या पडद्यावर एक ठिपका आहे," तो म्हणाला. "एक ठिपका, घेरबाई." मग खाली वाकून, चाचपडत, मनगटाएवढ्या एका झाडाला त्यानं हात लावला. "आणि हे दिसतच नाही. वरच्याच्या सावलीत झाकलं जातं. नुसत्या विमानावर काम भागणार नाही. तुमच्या मोजणीतलं एकेक झाड मला हवं, सरासरी नको."

"मिळेल. सगळं जपून ठेवलंय."

"आणि खिंडीत आणखी मोजणी लागेल."

"मग धरा टोक," ती म्हणाली, आणि टेप त्याच्या हातात दिली.

त्या दिवशी त्याचे बूट फाटले आणि नाक उन्हानं सोललं. पण उतरताना तो कुरकुरला नाही. वाटभर पांगापांग कशी मोजायची त्याचीच बडबड चालली होती. घरी आल्यावर सासूबाईंनी तिचे हात बघितले, खरचटल्याला औषध लावलं आणि विचारलं, "वाचलं का ग?"

"बरंचसं. थोडं गेलं."

"बरंचसं वाचलं तर जेव पोटभर," त्या म्हणाल्या. "वॉर्डात आम्ही असंच जेवायचो."

दुसरा नकाशा उभा करताना चष्म्याच्या आणि तिच्या नाकी नऊ आले. जुने आकडे नव्यानं मांडावे लागले, काही गोल पुन्हा जाऊन मोजावे लागले. पण नकाशा भिंतीवर चढला तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे विस्फारले. एकाच पोपटी रंगाचे आता सरळ दोन भाग पडले होते, एकसारख्या झाडांची रानं आणि थोरांत लहानं मिसळलेली रानं. खिंडीसारखे चौकोन आणखीही निघाले. त्यातले दोन तर ओसाड म्हणून लागवडीच्या यादीत होते. तिथं म्हातारी झाडं इतकी विरळ होती, की रोपट्यांच्या गर्दीत सरासरी पार तळाला गेली होती. साहेबांनी त्यांच्यावर स्वतःच्या हातानं फुली मारली. तिथं लागवडीचे खड्डे खणायला गेले असते तर आपसूक आलेली रोपंच उखडली गेली असती.

समितीपुढं त्यांना बोलणी खावी लागली. एक गृहस्थ म्हणाले, "पहिल्या वेळीच नीट करायला काय झालं होतं?" साहेब काही बोलायच्या आत घेरबाई उठली. "पहिला नकाशा नसता तर दुसऱ्याची गरज कळली नसती. आणि तोडणी एका पट्ट्यावर थांबली, डोंगरभर झाली नाही. विचारा, आणखी काय विचारायचंय." तिच्या त्या खणखणीत आवाजापुढं प्रश्न थोडे मऊ झाले. उत्तरं मात्र तिनं सगळ्या प्रश्नांची दिली, आणि आराखडा मंजूर झाला.

तलावावरच्या उतारावर विरळणी झाली, ठरल्या नियमानं. तिथं तो नियम चपखल बसला. चारेक वर्षांत उरलेल्या झाडांनी अंग धरलं आणि तलावात येणारा गाळ कमी झाल्याचं पाणीखात्याच्या बाईंनी आपणहून कळवलं. खिंडीत तोडलेल्या पट्ट्याचं काय झालं, हे बघायला घेरबाई दरवर्षी जात राहिली. निम्म्याअधिक बुंध्यांना धुमारे फुटले. बाकीचे वाळले. वाळलेले ती कुणाला दाखवायला विसरत नाही. नवीन लोकांना वर नेलं की आधी तिथं उभं करते, "हे आमच्या हुकमानं झालं," म्हणते, आणि मग पुढं नेते.

पुढं सगळीकडे वेलींतून सुटलेली पोरं आता तिच्या डोक्यावरून गेलीत. ते काही फार अवघड नाही, असं ती स्वतःच म्हणते. मुकादमाची टोळी आता तोडणीपेक्षा राखणीचीच कामं जास्त घेते. दुसऱ्या विभागांतून त्यांना बोलावणी येतात.

गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या डोंगरांचं काम तिच्याकडे आलं. वणव्यात होरपळलेली रानं, सगळीच तिला नवी. साहेबांची जागा आता एका तरुण बाईंनी घेतली आहे. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "सुरुवात कुठून करायची?"

"वरून," घेरबाई म्हणाली. "सगळ्यात वाईट जळलंय तिथून. अशा रानात काय जगलं, ते आपल्याला अजून माहीत नाही. उद्या सकाळी निघू. मळखाऊ कपडे घाला, राखेचे डाग जात नाहीत."